हिशेब विचारणारा कोण?

कंपनीचा कारभार बिघडला की भागधारक ओरडतात, सरकारचा बिघडला की मतदार. दर्ग्याच्या जमिनीचा, यतीमखान्याच्या भाड्याचा किंवा रमजानमध्ये जमलेल्या जकातीचा कारभार बिघडला तर ओरडायचे कोणी? ज्याने मालमत्ता दिली तो शंभर-दोनशे वर्षांपूर्वी वारला. जकात देणाऱ्याच्या मनात पैसे हातावेगळे केले की फर्ज पुरे झाले. घेणाऱ्याला, विधवेला किंवा मदरशातल्या पोराला, ताळेबंद मागण्याची हिंमत नाही आणि तशी सोयही नाही. इस्लामी दानवित्त नावाच्या अभ्यासक्षेत्रात नव्याने पाऊल ठेवणाऱ्याने हा एक प्रश्न हाताशी ठेवावा. फिक्हचे, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचे, बारकावे, न्यायालयांचे निकाल आणि निधीच्या नव्या योजना हे सगळे फिरून त्याच प्रश्नापाशी येताना दिसते.

क्षेत्राची हद्द आधी आखून घेऊ. इस्लामी बँकिंग म्हणून जे ओळखले जाते, म्हणजे नफ्यासाठी चालणारे बिनव्याजी व्यवहार, ते इथे नाही. इथे जकात आहे, वक्फ आहे, ऐच्छिक सदका आणि ईदच्या आधीचा फितरा आहे, आणि परतफेडीच्या बोलीवर बिनव्याजी दिलेले कर्ज, कर्ज-ए-हसना, आहे. यांतल्या पहिल्या दोघांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत. जकातीचा पैसा वाहता राहावा लागतो. तो हक्कदारापर्यंत वेळेत पोचला पाहिजे, साठवून त्याची गंगाजळी करता येत नाही. वक्फाचे मूळ मात्र अचल असते, ते विकायचे नाही, दान द्यायचे नाही, फक्त त्याचे उत्पन्न खर्चायचे. वाहता पैसा आणि बांधलेला पैसा एकाच संस्थेच्या एकाच बँक खात्यात आले की घोटाळ्याची अर्धी तयारी तिथेच होते, आणि त्यासाठी कोणी बेइमान असण्याचीही गरज नसते.

जकातीचे गणित वरवर सोपे आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढ्या मोलाची शिल्लक चांद्रवर्षभर राहिली तर तिच्यावर अडीच टक्के. आज सोन्याच्या आणि चांदीच्या भावांत एवढे अंतर आहे की चांदी धरली तर सामान्य कारकूनही जकात देणारा ठरतो, आणि सोने धरले तर बरेच दुकानदारसुद्धा सुटतात. तपशील पाहू लागलो की पंथभेद येतात. हनफी मतानुसार बायकांच्या अंगावरच्या दागिन्यांवर जकात आहे. शाफई पंथाच्या प्रचलित मतानुसार नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आणि उरलेल्या महाराष्ट्रातले बहुतेक हनफी. तेव्हा रत्नागिरीच्या घरातल्या बांगड्या आणि मालेगावच्या घरातल्या त्याच वजनाच्या बांगड्या यांचा हिशेब वेगळा निघतो. राज्यभराच्या जकातीचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासकाला निव्वळ लोकसंख्येला अडीच टक्क्यांनी गुणून चालत नाही ते यामुळे.

कुराणाच्या नवव्या सूऱ्यात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत : गरीब, निराधार, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले प्रवासी वगैरे. त्या यादीत जकात गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही समावेश आहे. प्रशासनाचा खर्च हा दानाच्या व्याख्येतच धरलेला आहे, ही गोष्ट मला या क्षेत्रातली सर्वांत दुर्लक्षित वाटते. इंडोनेशिया आणि मलेशियातल्या संस्था त्या आधारावर एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्क्यांपर्यंत रक्कम कारभारासाठी ठेवतात आणि तसे उघडपणे ताळेबंदात लिहितात. आपल्याकडे ‘आम्ही एक पैसाही खर्चाला घेत नाही’ असे सांगणारी संस्था अधिक पवित्र समजली जाते. मग हिशेबनीस ठेवायला पैसे नसतात, लेखापरीक्षण रखडते, आणि शंका यायला लागली की कागद सापडत नाहीत.

रमजानमध्ये मुंबईच्या महंमद अली रोडच्या आसपास दुकानादुकानांत पावतीपुस्तके घेऊन फिरणारे सफीर दिसतात. दूरच्या उत्तर प्रदेश-बिहारातल्या मदरशांनी त्यांना पाठवलेले असते. कोणाला ठरलेला पगार असतो, कोणाला जमा रकमेतला हिस्सा. हिस्सा योग्य की अयोग्य यावर उलेमांमध्ये मोठी चर्चा आहे, आणि हनफी मुफ्तींचा कल सहसा त्याच्या विरुद्ध, कारण मोबदल्याची रक्कम आधी ठरलेली नसते. दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर त्याला समोरच्या माणसाची दाढी दिसते, शिक्का मारलेली पावती दिसते, कधी एखाद्या मोठ्या आलिमचे शिफारसपत्र दिसते. मदरसा खरा आहे का, त्यात मुले किती, हे पडताळायचा मार्ग त्याच्याकडे नाही. तरी तो देतो. ही भाबडी श्रद्धा आहे असे म्हणून पुढे जाणारा अभ्यासक चुकतो असे मला वाटते. दहा सफिरांना थोडेथोडे देऊन दुकानदार आपली जोखीम वाटून टाकत असतो.

पैसे मदरशात पोचल्यावर दुसरी अडचण उभी राहते. हनफी फिक्हनुसार जकात अदा व्हायला तमलीक लागते, म्हणजे पैसा एखाद्या गरीब माणसाच्या प्रत्यक्ष मालकीचा झाला पाहिजे. इमारत मालक होऊ शकत नाही, शिक्षकाचा पगारही या पैशातून थेट देता येत नाही. यावर जुना तोडगा आहे हिल्याचा : रक्कम गरीब विद्यार्थ्याच्या हातात मालकी हक्काने द्यायची आणि त्याने ती आपण होऊन मदरशाला द्यायची. काही आलिम अडचणीच्या वेळी हे चालवून घेतात, काही त्याला स्पष्ट नापसंत करतात. कारभाराचा विचार करणाऱ्याने इथे थांबून बघावे. नियम पाळला जातो, हेतूही बहुधा चांगला असतो, पण कागदावर ‘विद्यार्थ्याला दिले’ आणि ‘विद्यार्थ्याने दिले’ अशा दोन नोंदी होतात आणि मधल्या विद्यार्थ्याची इच्छा कोणी विचारलेली नसते. लेखापरीक्षकाला दोन्ही नोंदी बरोबरच दिसतात. पारदर्शकतेचे कोणतेही आयात केलेले मानक ही गाठ सोडवू शकत नाही. ती फिक्हच्या आतूनच सुटायला हवी, आणि त्यासाठी हिशेबनिसाने मुफ्तीशी आणि मुफ्तीने हिशेबनिसाशी बोलायला हवे.

मग सरकारनेच जकात गोळा केली तर? हा प्रयोग पाकिस्तानात झाला. जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत १९८०च्या जकात व उश्र अध्यादेशाने बँकांतल्या बचत खात्यांवर पहिल्या रमजानला अडीच टक्के कापायला सुरुवात झाली. त्याच वर्षी शियांनी इस्लामाबादेत मोठे आंदोलन केले, कारण त्यांच्या फिक्हनुसार असल्या वसुलीचा सरकारला अधिकार नव्हता, आणि सरकारला त्यांना सूट द्यावी लागली. ज्यांना सूट नव्हती त्यांनी रमजान तोंडावर आला की खात्यातून पैसे काढून घेण्याचा रिवाज पाडला. उलट मलेशियात जकात हा राज्यांचा विषय आहे आणि व्यक्तीने भरलेली जकात तिच्या आयकरातून सरळ वजा होते, म्हणून पगारदार लोक ती रीतसर भरतात. इंडोनेशियाने २०११च्या कायद्याने राष्ट्रीय जकात मंडळ बाझनासला वरचे स्थान दिले. पण १९९३ मध्ये ‘रेपुब्लिका’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दोंपेत दुआफासारख्या लोकसंस्थांनी आपली जागा सोडली नाही, प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेले. तिन्ही देश मुस्लिम बहुसंख्य, दर तोच, हक्कदारांची यादी तीच. फरक पडला तो देणाऱ्याला वसूल करणाऱ्यावर किती भरवसा वाटतो यामुळे.

आता वक्फ. माझा स्वतःचा ओढा इकडे अधिक आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

परंपरेत आद्य उदाहरण म्हणून हजरत उमर यांची खैबरची जमीन सांगितली जाते. मूळ राखावे आणि फळ वाटावे, असा सल्ला त्यांना पैगंबरांनी दिला. देखरेख करणाऱ्याने रीतीप्रमाणे त्यातून खावे, साठवू नये, ही अटही तिथेच आहे. उमर यांच्यानंतर या वक्फाची देखरेख त्यांची मुलगी हफ्सा यांच्याकडे गेली. वक्फ मंडळांवर किमान दोन स्त्रिया असाव्यात हे कलम भारतात २०१३ मध्ये आले, तेव्हा काहींना ते नवलाचे वाटले होते!

महाराष्ट्रात वक्फाची कल्पना डोळ्यांनी पाहायची असेल तर औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत जावे. डोंगरातून भूमिगत नहरीने आणलेले पाणी उंचावरून पडते, त्यावर जाते फिरते, आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेल्या लंगरासाठी, फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळले जायचे. इथे देणगी एकदाच दिलेली आहे, पण ती रोज काम करते. राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालयही याच परिसरात आहे. पर्यटक जाते बघतात. अभ्यासकाने शेजारच्या कचेरीतल्या फायली बघाव्यात.

त्या फायलींमागे इंग्रजी अमदानीतला मोठा इतिहास आहे. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अबुल फता प्रकरणात ठरवले की, उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या घरच्यांनाच जाणार आणि गरिबांचा वाटा दूरच्या भविष्यात कधीतरी येणार असा वक्फ ग्राह्य नाही. मुसलमान समाजात त्यावर असंतोष पसरला आणि मुंबईच्या मुस्लिम मतदारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात गेलेल्या महंमद अली जीनांनी खासगी विधेयक आणले. त्यातूनच १९१३चा कायदा झाला. कौटुंबिक वक्फ परत वैध झाले. पण दहाच वर्षांत, १९२३ मध्ये, मुतवल्लींनी, म्हणजे वक्फाच्या व्यवस्थापकांनी, जिल्हा न्यायालयात उत्पन्न-खर्चाचे विवरण द्यावे असा कायदा करावा लागला. मुतवल्लींचा हिशेब ही मागणी अशी शंभर वर्षांहून जुनी आहे, आजच्या राजकारणाने ती जन्माला घातलेली नाही.

याच काळातला मुंबई उच्च न्यायालयाचा चंदाभाई गल्ला खटला विद्यार्थ्याने मुळातून वाचावा. दाऊदी बोहरांच्या एका मजारीजवळच्या गल्ल्यात भाविक पैसे टाकत. त्यांचा हिशेब धर्मगुरूंनी द्यावा का, हा वाद. आपण गुप्त इमामाचे प्रतिनिधी आहोत, कोणाला हिशेब देणे लागत नाही, असा धर्मगुरूंचा पक्ष. न्या. मार्टन यांनी १९२१ मध्ये त्यांचे धार्मिक स्थान मोठ्या आदराने मान्य केले आणि तरी गल्ल्याच्या पैशापुरते ते विश्वस्त आहेत, म्हणून उत्तरदायी आहेत, असे ठरवले. श्रद्धेचा अधिकार आणि पैशाचा अधिकार यांच्यातली रेघ एवढ्या स्वच्छपणे ओढणारा दुसरा निकाल माझ्या वाचनात नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात दुहेरी व्यवस्था आली. मुंबई इलाख्यातले मुस्लिम न्यास १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले गेले. निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठवाड्यात वेगळे वक्फ मंडळ होते. राज्यभरासाठी एक मंडळ झाले ते २००२ मध्ये. मग कोणता न्यास वक्फ आणि कोणता साधा धर्मादाय, यावर खटले सुरू झाले. मुसलमानाने केलेला प्रत्येक धर्मादाय न्यास वक्फच असतो असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. मधल्या वीस वर्षांत कित्येक संस्थांना आपण नेमके कोणाच्या दारात जायचे हेच कळत नव्हते. दोन नियंत्रक असले की कारभार दुप्पट चांगला होतो अशी कोणाची समजूत असेल तर तिला हा इतिहास उतारा आहे.

आकड्यांकडे येऊ, पण जपून. भारतीय मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये देशात सुमारे ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता, सुमारे ६ लाख एकर जमीन आणि १.२ लाख कोटी रुपयांचे बाजारमूल्य असा अंदाज दिला. वार्षिक उत्पन्न मात्र १६३ कोटी. पुस्तकी किमतीवर ते २.७ टक्के पडते, बाजारभावावर ०.१५ टक्क्यापेक्षाही कमी. नीट कारभार झाला तर १० टक्के परतावा, म्हणजे वर्षाला १२ हजार कोटी मिळतील, असे समितीचे म्हणणे. ही रक्कम तेव्हापासून प्रत्येक भाषणात येते. पुढे सरकारी निवेदनांत मालमत्ता ८.७ लाखांवर गेल्या, जमीन एका निवेदनात ९.४ लाख एकर तर दुसऱ्यात ३८ लाख एकर झाली, आणि मूल्य? २०२४ मध्येही १.२ लाख कोटीच. अठरा वर्षांत जमीन वाढली आणि भाव जागच्या जागी राहिले, असा देश कुठला? आकडा उचलण्याआधी तो कोणी, कधी आणि कशासाठी मोजला हे विचारायची सवय नवागताने इथेच लावून घ्यावी. १० टक्क्यांच्या अंदाजाबद्दलही मी साशंक आहे. त्या मालमत्तेत मशिदी आणि कबरस्ताने मोठ्या संख्येने आहेत, आणि कबरस्तानाला परतावा नसतो.

उरलेल्या मालमत्तांचे उत्पन्न एवढे कमी का, याचे एक कारण भाडे. शहरातल्या दुकानांचे भाडे कित्येक दशकांपूर्वी ठरलेले, भाडेकरूने पगडी घेऊन गाळा दुसऱ्याला दिलेला, आणि मुतवल्लीला कोर्टात जायला पैसे नाहीत. दुसरे कारण अतिक्रमण, आणि अतिक्रमण करणाऱ्यांत खासगी माणसांबरोबर सरकारी खातीही आहेत, हे सच्चर अहवालातच नोंदले आहे. तिसरे कारण खुद्द मंडळांची गरिबी. मुतवल्लीने निव्वळ उत्पन्नाचे ७ टक्के मंडळाला द्यायचे असा नियम होता. २०२५च्या दुरुस्तीने ते ५ टक्के झाले. उत्पन्नच कमी, त्यात ते कमी दाखवलेले, त्यामुळे मंडळाकडे सर्वेक्षक नाहीत, वकील नाहीत; म्हणून अतिक्रमण हटत नाही, म्हणून उत्पन्न वाढत नाही. निधीचा प्रश्न आणि कारभाराचा प्रश्न अशी दोन वेगळी प्रकरणे पाठ्यपुस्तकांत असतात. प्रत्यक्षात ते आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असे एकमेकांत अडकलेले आहेत.

यातून वाट निघते, याचे उदाहरण सिंगापूरचे. तिथल्या इस्लामी धर्म परिषदेने, मुइसने, २००१ मध्ये बेंकूलन रस्त्यावरच्या जुन्या मशिदीच्या वक्फ जागेचा विकास करण्यासाठी साडेतीन कोटी सिंगापूर डॉलरचे सुकूक, म्हणजे व्याजाऐवजी भागीदारीवर आधारलेले रोखे, काढले. नवी मशीद उभी राहिली, तिच्याबरोबर व्यापारी जागा आणि भाड्याच्या सदनिका. जमीन विकली नाही. इंडोनेशियाने २०१८ पासून रोख वक्फाला सरकारी सुकूकची जोड दिली : देणाऱ्याने रक्कम ठरावीक मुदतीसाठी वक्फ करायची, ती रोख्यांत गुंतते, परतावा बांतेन प्रांतातल्या डोळ्यांच्या रुग्णालयासारख्या कामांना जातो, मुदत संपली की मुद्दल परत. कायमपणाची अट सैल करणारी ही कल्पना अभिजात फिक्हच्या चौकटीत बसते का, यावर वाद आहेत. रोख पैशाचा वक्फ होतो का, हाच वाद सोळाव्या शतकात उस्मानी साम्राज्यात रंगला होता. शेखुल इस्लाम एबुस्सूद यांनी लोकांच्या चालीचा आधार घेऊन तो मान्य केला आणि धर्मपंडित बिरगिवींनी कडाडून विरोध केला.

अर्थशास्त्रज्ञ तैमूर कुरान यांचे म्हणणे असे की वक्फ रचनेनेच ताठर आहे, संस्थापकाची इच्छा बदलता येत नाही म्हणून काळाबरोबर ती संस्था मागे पडली. त्याच्या विरुद्ध टोकाला सगळा दोष वसाहतकाळावर टाकणारे लेखक आहेत. मुराद चिझाक्चा यांच्यासारख्यांनी उस्मानी रोख वक्फांच्या नोंदी तपासून बरीच लवचिकता दाखवली आहे. मला कुरान यांचे निदान जमिनीच्या वक्फाबाबत बरेचसे पटते, पण मराठवाड्यातले कागद पाहिल्यावर ताठरपणापेक्षा निष्काळजीपणा जास्त दिसतो. खिदमतमाश इनामाच्या जमिनी मशिदी-दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या. सेवा करणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर चढली, वारसांचे फेरफार झाले, आणि दोन पिढ्यांनी ती जमीन त्यांचीच झाली. संस्थापकाची इच्छा इथे कोणी बदलली नाही. ती कोणी वाचलीच नाही.

२०२५च्या वक्फ दुरुस्ती कायद्याबद्दल वाचकाला इथे निकाल मिळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५च्या अंतरिम आदेशात पूर्ण कायद्याला स्थगिती नाकारली, पण वक्फ करणारा किमान पाच वर्षे इस्लामचे पालन करणारा असावा ही अट आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयाधिकाराची कलमे रोखली. मालमत्तांची केंद्रीय पोर्टलवर नोंद हा भाग, वादातून वेगळा काढता आला असता तर, समाजातल्या सुधारकांनी कधीच मागितलेला होता. मात्र हिशेब मागणाऱ्याचा हेतूच संशयास्पद वाटू लागला की हिशेब देणाराही दडू लागतो, आणि नुकसान पुन्हा त्या विधवेचेच.

कर्ज-ए-हसना हे या क्षेत्रातले धाकटे भावंड. देवबंदसारख्या ठिकाणी चालणारे मुस्लिम फंड दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देतात. प्रश्न सोपा आणि अवघड आहे : व्याज नाही तर कचेरी कशावर चालवायची? सेवाशुल्क घ्यावे तर ते खऱ्या खर्चाएवढेच हवे, नाहीतर व्याजच मागच्या दाराने आले. जकातीतल्या अष्टमांशाचीच ही भाषा वेगळ्या वेशात.

काम सुरू करणाऱ्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. असफ फैजी यांचे मुस्लिम कायद्यावरचे पुस्तक आधी वाचावे, इतर सगळे नंतर. २०१८ मध्ये वक्फासाठी आणि २०१६ मध्ये जकातीसाठी प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मूलतत्त्वे हाताशी असावीत. ती बँकिंगच्या नियमनातून उचललेली आहेत हे त्यांच्या प्रत्येक पानावर जाणवते, म्हणून ती सावधपणे वापरावीत. उर्दू शिकावीच लागेल, कारण निजामकाळातले मुंतखब, म्हणजे इनामांचे दाखले, त्या लिपीत आहेत. मुंबई इलाख्यातल्या जुन्या इनामांसाठी मोडी. आणि एखाद्या दर्ग्याच्या विश्वस्तांकडे जाताना पहिल्याच भेटीत ताळेबंद मागू नये. उरुसाच्या वेळी जावे, लंगरात जेवावे, रोजचे किती लोक जेवतात आणि गहू कुठून येतो एवढे विचारावे. गव्हाचा हिशेब बहुतेक विश्वस्तांना तोंडपाठ असतो, आणि तो सांगताना बाकीचे आकडे आपोआप येऊ लागतात.